दोन रात्रींची आंबील

भात कापून झालं की शेतं भादरल्यासारखी दिसतात. नुसते खुंट उरतात, त्यांच्यावर पहाटेचं दव, आणि बांधावरून चाललं की पोटऱ्या भिजतात. खळ्यावर नव्या पेंढ्याचा वास असतो, थोडा गोड, थोडा नाकात खुपणारा. बाकीच्यांना तो वास आला की लग्नसराई आठवत असेल. मला एक माणूस आठवतो आणि दात आपोआप आवळले जातात. तीन हिवाळे गेले. दर हिवाळ्यात घरातले म्हणतात, आता सोड. मी सोडत नाही. काही बाया कोंबड्या सांभाळतात, मी हा राग सांभाळलाय.

त्याचं नाव लिहिणार नाही. एवढा मान मी त्याला देणार नाही. डहाणूला समुद्राच्या बाजूला त्याचा बंगला आहे. कुठल्याशा मोठ्या नोकरीतून निवृत्त झालेला, पांढरे बूट, हातात पावलं मोजणारं घड्याळ. थंडीच्या दिवसांत तो मैदानावर मुलामुलींना पळायला शिकवायचा आणि काय खायचं, काय नाही, त्याचे कागद वाटायचा. सगळे त्याला सर म्हणत. शिकवायचा फुकट. फुकट शिकवणाऱ्याला कोणी उलट विचारत नाही, ही त्यातली अडचण.

माझी नात जयू त्याच्याकडे जायची. दोन हजार सोळाचा तो हिवाळा, ती तेव्हा नववीत. पळण्यात चांगली होती. नात म्हणून सांगत नाही, माझी दुसरी नात पळण्यात दगड आहे.

आधी आंबील म्हणजे काय ते सांगते, कारण सगळं तिच्यावरून झालं. नागलीचं, म्हणजे नाचणीचं, पीठ संध्याकाळी पाण्यात कालवायचं आणि मडक्यात झाकून ठेवायचं. सकाळपर्यंत ते आंबतं. मग त्यात कण्या टाकून चुलीवर शिजवायचं, ढवळत राहायचं, मीठ घालायचं. निवल्यावर ताक घालून पातळ केली की बाटलीत भरून कुठेही नेता येते. पोटाला जड होत नाही, घसा सुकत नाही, दुपारपर्यंत भूक लागत नाही. उन्हाळ्यात एका रात्रीत आंबते. थंडीत मडकं चुलीच्या उबेला ठेवावं लागतं, तरी कधी कधी दुसरी रात्र जाते. दोन रात्रींची आंबील जास्त आंबट, वासाला उग्र. पण ती चढत नाही. दूध तुटलेल्या पोरांना आम्ही तीच पाजतो.

नागली माझी धाकटी बहीण पाठवते. तिला तलासरीच्या पुढे, डोंगराकडच्या गावात दिली आहे. तिकडच्या उतारावर नागली होते, आमच्याकडे भात. ती नागली पाठवते, मी तिला तांदूळ आणि सुका जवळा पाठवते. चाळीस वर्षं हेच चाललंय, मध्ये दोनदा भांडलो तेव्हासुद्धा थांबलं नाही.

त्या आठवड्यात आमची झोडणी चालू होती. मी दोन दिवस खळ्यावर भाताच्या पेंढ्या आपटत होते, मडक्याकडे बघायला कोणी नव्हतं. तिसऱ्या पहाटे झाकण काढलं तर वास थेट नाकात गेला. जास्त आंबलीय हे मला कळलं. पण आम्ही आंबील टाकत नाही. बहिणीने कंबर वाकवून पिकवलेलं धान्य मी उकिरड्यावर कसं टाकू? शिजवली, मीठ थोडं जास्त घातलं, जयूच्या बाटलीत भरली आणि बूच घट्ट लावलं. माझी चूक एवढी. ती मी कधी नाकारली नाही.

जयू त्या दिवशी लवकर घरी आली. पाय मुरगळला म्हणाली. दुसऱ्या दिवशी गेली नाही, तिसऱ्या दिवशी नाही. पाय बघते म्हटलं तर ओढून घेतला. मोहाच्या बियांचं तेल गरम करून दिलं, ते तिने लावलं नाही. पाय दुखणारी पोरगी विहिरीवरून दोन हंडे आणते आणि लंगडत नाही, हे मला दिसत होतं.

चौथ्या दिवशी तिच्याबरोबर पळणारी सरावली गावची एक पोरगी घरी आली, जयूची रिकामी बाटली घेऊन. तिच्याकडून कळलं. मैदानावर जयूने बाटली उघडली तर बूच उडालं आणि फेस आला. सर बाजूलाच उभा होता. त्याने बाटली तिच्या हातातून घेतली, हुंगली आणि सगळी जमिनीवर ओतली. वीस-पंचवीस पोरं बघत होती. मग म्हणाला, "सकाळी सकाळी ताडी पिऊन पळायला येतात. तुमच्या पाड्यांचं हेच. उद्यापासून येऊ नकोस." जयूने सांगितलं, आंबील आहे. तो हसला. घरी असंच सांगायला शिकवतात, म्हणाला.

आमच्याकडे ताडी पितात. खोटं कशाला बोलू, मीही प्यायले आहे. त्याच्या बंगल्यातसुद्धा बाटल्या असतील, त्या हुंगायला कोणी जात नाही.

त्या वीस-पंचवीसातली निम्मी पोरं जयूच्याच शाळेतली. आठवड्यात तिचं नाव ताडी पडलं. हजेरी घेताना मागून कोणी तरी हळूच म्हणायचं. तिने पळणं सोडलं. मग शाळेला दांड्या मारायला लागली आणि वाणगावच्या बाजूला ढोबळ्या मिरच्या तोडायला बायांच्या टेम्पोत बसून जायला लागली. तिथे तिला कोणी ओळखत नव्हतं, म्हणून तिथे बरं वाटतं, म्हणाली. पंधरा वर्षांच्या पोरीने असं बोलावं.

शेजारची लखमी म्हणाली, जा आणि सांग त्याला, आंबील होती म्हणून. सांगायला गेलं की हात जोडावे लागतात. मला हात जोडायचे नव्हते. शापही दिला नाही. शाप दिला म्हणजे आपलं काम देवावर ढकलल्यासारखं होतं. मला एकच पाहिजे होतं. ज्या तोंडाने तो बोलला त्याच तोंडाने, तेवढ्याच माणसांसमोर, त्याने ते परत घ्यावं.

मी मैदानावर गेले. तीन सकाळी कुंपणाला टेकून त्याचं पळणं बघितलं. एकदा त्याने विचारलं, आजी काय पाहिजे. मी म्हटलं, काही नाही, बघते. आणि मी खरंच बघत होते. लांब ढांगा टाकायचा. टाच आधी आपटायची. तोंड उघडं. चौथ्या फेरीला उजवा खांदा खाली यायचा. ह्याला हरवता येईल, असं मला तिथेच वाटलं.

हरवायचं का, तर सरावलीच्या पोरीने सांगितलं होतं की दर हिवाळ्यात समुद्राच्या रस्त्यावर तो मोठी शर्यत भरवतो. साठीच्या वरच्यांची वेगळी शर्यत असते, पाच किलोमीटरची. बाई-पुरुष एकत्रच पळतात, कारण बाई कोणी येत नाही. ती दरवर्षी तोच जिंकतो. आणि जिंकणाऱ्याच्या हातात माईक देतात.

मी तेव्हा त्रेसष्टची असेन. शाळेच्या दाखल्यावर एकसष्ट. दोन्हींत चालत होतं.

पहिल्या दिवशी मी पळत पाड्याबाहेरच्या कालव्यापर्यंतसुद्धा पोचले नाही. भाकरी खाऊन निघाले होते, ती अर्ध्या वाटेत बांधावर बाहेर आली. दुसऱ्या दिवशी उपाशी गेले तर डोळ्यांपुढे काळं आलं. तिसऱ्या दिवशी अर्धा पेला आंबील पिऊन, थोडं बसून मग निघाले. ते जमलं. आजही तेवढंच पिते. आता पळणाऱ्या लोकांचे मोबाईलवर निरोप येतात, काय खायचं ह्याचे, लांबलचक. मी सांगते ते लहान आहे. पळायच्या आधी अर्धा पेला, पळून आल्यावर पोटभर.

पोटभर म्हणजे नागलीची नाहीतर तांदळाची भाकरी, चवळी किंवा वालाची उसळ, मिळाली तर रानातली भाजी. आठवड्यातून दोनदा जवळा, कधी अंडं. थंडीत करांद्याचे कंद उकडून. मूठभर शेंगदाणे. चिकूच्या वाडीत कामाला गेले तर खाली पडलेले दोन चिकू. चहा मी बंद केला, त्याचा त्रास झाला, आठ दिवस डोकं ठणकलं. त्याच्या कागदावर बदाम होते, ओट होते, कसलीशी पावडर होती. बदाम वाईट नाहीत, मी खाल्ले आहेत. पण ज्या घरात ते नाहीत त्या घरच्या पोरीने काय खायचं, हे त्या कागदावर कुठेच नव्हतं. मी चौथी शिकले आहे, कागद मी दोन्ही बाजूंनी वाचला.

पळायचं कसं, हे मला गवताच्या भाऱ्याने शिकवलं. तरुणपणी आम्ही गवत कापून डोक्यावरून डहाणू रोड स्टेशनपर्यंत न्यायचो. डोक्यावर भारा असला की लांब ढांग टाकता येत नाही, मान हलते आणि भारा सरकतो. पावलं लहान पडतात, पटपट पडतात, गुडघा वाकलेला राहतो. तोंड मिटलेलं, कारण बोललं की दम जातो. चढाला चालायचं, उताराला दुडक्या चालीने पळायचं. कोणी शिकवलं नाही, मानेने शिकवलं. म्हणून पहिले दोन महिने मी डोक्यावर पेंढ्याचा भारा घेऊनच पळाले. लोकांना वाटलं कुठे तरी पोचवायचाय. मग एक दिवस लखमीने बघितलं की जो भारा घेऊन जाते तोच घेऊन परत येते. पाडाभर झालं. डोकरीला याड लागलं, म्हणाले. कोणी विचारायचं, काय गं, गिऱ्हाईक मिळालं नाही का.

दोन महिन्यांनी भारा टाकला तेव्हा अंग असं हलकं झालं की मीच घाबरले.

पावसात बांध घसरडे, म्हणून मोठ्या डांबरी रस्त्याच्या कडेने पळाले. लावणीच्या दिवसांत पळाले नाही, कमरेला दिवसभर पुरेसं होतं. असं मध्ये थांबलं तरी चालतं. शरीर विसरत नाही. मी तर नाहीच.

बुटांचं सांगते. डहाणू रोडला गुजराती दुकानदाराकडे गेले. बा, म्हणजे आई, कोणासाठी पाहिजेत, म्हणाला. माझ्यासाठी म्हटल्यावर त्याने बायकोला आतून बोलावलं, मला बघायला. बूट घेतले, चार दिवस घातले, दोन्ही टाचांना फोड आले. सुनेला दिले. ती ते घालून लग्नाला गेली.

जयू हे सगळं बघत होती. एकदा फक्त भारा बांधताना दोरीचं टोक धरलं.

शर्यतीच्या सकाळी समुद्रावरून गार वारा होता आणि सुरूच्या झाडांतून शिट्टीसारखा आवाज येत होता. बोंबील वाळत टाकलेल्या काठ्यांचा वास सगळ्या रस्त्यावर. साठीच्या वरची आम्ही अकरा माणसं. दहा जण चड्डीत आणि मी लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून. नंबराचा कागद पदराला टाचला. बाटली कमरेला बांधली होती, दोन दिवस आधीच मुद्दाम मोजून आंबत ठेवलेली, दोन रात्रींची.

पहिल्यापासून मी त्याच्या मागे राहिले. पुढे गेलेल्याला मागचा दिसत नाही, मागच्याला सगळं दिसतं. टाच आपटत होती, तोंड उघडं होतं. परतीच्या वाटेला उजवा खांदा खाली आला आणि मी बाजूला निघाले. त्याने वळून बघितलं, हसला आणि हाताने सांगितलं, आजी बाजूने जा, शर्यत चाललीय. त्याला मी वाटेने कामाला निघालेली बाई वाटले. मी बाजूनेच गेले. नंबराचा कागद त्याला दिसला असेल तेव्हा आमच्यात पन्नास पावलं झाली होती. त्याने जोर लावला. माझ्या मागे तो दमाचा आवाज वाढला आणि मग लांब गेला. तेवढा गोड आवाज मी आयुष्यात थोड्याच वेळा ऐकलाय.

मंडपात तीच पोरं होती, आणखी बरीच माणसं होती. तो हरला तरी हसत होता, अशा माणसांना ते जमतं. स्वतःच माईक घेऊन माझ्याजवळ आला आणि विचारलं, आजी, सांगा सगळ्यांना, तुम्ही काय खाता? मी बाटली सोडली, बूच उडालं, फेस आला. त्याच्या हातात दिली. पी म्हटलं. माणसं बघत होती, त्याने दोन घोट घेतले. आंबट आहे, छान आहे, म्हणाला.

मी विचारलं, "चढली का?"

माईकवरून सगळीकडे गेलं. माणसं हसली. मी म्हटलं, हीच तू गेल्या हिवाळ्यात माझ्या नातीच्या हातातून घेऊन जमिनीवर ओतलीस आणि तिला ताडी प्यायलेली म्हणालास. त्याने विचारलं, "कोणती नात?"

तो विसरला होता. हे माझ्या हिशोबात नव्हतं. एक अख्खं वर्ष मी त्याला डोक्यावर घेऊन पळत होते, आणि त्याला त्या पोरीचा चेहरासुद्धा आठवत नव्हता. मी तिचं नाव सांगितलं, सरावलीची पोरगी उभी राहिली, तिने दिवस सांगितला. मग तो म्हणाला, गैरसमज झाला असेल. मी म्हटलं, पाऊस होतो तसा झाला का? कोणी केला? तेव्हा तो माईकमध्ये म्हणाला, "माझी चूक झाली. ती आंबील होती." लोकांनी टाळ्या वाजवल्या. कशाच्या वाजवल्या, मला अजून कळलेलं नाही.

तिथून मी थेट वाणगावच्या बाजूला मिरचीच्या शेतात गेले. जयूला सांगितलं, बोलला, सगळ्यांसमोर बोलला. तिने हातातली मिरची टोपलीत टाकली, दुसरी तोडली. मी होते का तिथे, म्हणाली. मी म्हटलं नव्हतीस. मग तिने सांगितलं, आणि एवढं ती वर्षभरात बोलली नव्हती. पहिली रिक्षा मिळायच्या आत मैदानावर पोचायचं असायचं, म्हणून ती घरापासून मैदानापर्यंत पळतच जायची. तिथे पोचली की तो म्हणायचा, आळशी आहेस, सुरुवातीलाच दमतेस. "माझ्या घरी येऊन सांगू दे. मी जायची तसा. पळत."

मी दुसऱ्या दिवशी बंगल्यावर जाऊन निरोप दिला. त्याने बसायला खुर्ची दिली, मी बसले नाही. येतो म्हणाला. जयूला मैदानावर परत पाठवा, बूटसुद्धा देतो, म्हणाला. मी म्हटलं, आधी ये.

रविवारी आला. जयू ओट्यावर वाल सोलत बसली होती. तो वळणावरून पळत आला, चांगला पळत आला, कपाळावर घाम होता, धापा टाकत होता. अंगणात उभा राहून हात जोडले. जयू उठून उभी राहिली. तिचं तोंड हललं, काहीतरी बरं बोलणार होती ती. मी त्याच्या पायांकडे बघितलं. आमच्या रस्त्याचं तेव्हा काम चाललं होतं, डहाणूपासून पाड्यापर्यंत लाल माती. सायकलवाला आला तरी कमरेपर्यंत लाल होऊन यायचा. ह्याचे बूट पांढरे होते.

मी जयूला दाखवलं. तिने बघितलं आणि परत खाली बसली. लखमीची सून वळणापर्यंत जाऊन आली, गाडी झाडाखाली उभी होती.

मी त्याला म्हटलं, "परत जा. उद्या ये." ओरडले नाही. तो म्हणाला, गुडघा दुखतो हल्ली. खरं असेल. जयूचा पाय मुरगळला होता तेही मी आधी खरं मानलं होतं. मी त्याला पाणी विचारलं नाही. आमच्या पाड्यात आलेल्या माणसाला पाणी न विचारण्याची ती पहिली वेळ असेल. तो वळणाकडे गेला, चालत.

जयू नंतर शाळेत परत गेली. तिला ताडी म्हणायचं बंद झालं होतं, एवढं त्या माईकने केलं. दहावी झाली, आता ती पालघरला नर्सिंगचं शिकते. पळत नाही. सकाळी झोपायला आवडतं, म्हणते. मी तिला पळ म्हणत नाही. तिचं पळणं त्याने घेतलं, ते मी पाच किलोमीटरमध्ये परत आणू शकले नाही, आणि म्हणूनच मी त्याला माफ करत नाही. देवळात भेटला तरी नाही, तिरडीवर असला तरी नाही.

मी पळते. सहासष्ट झाली, कालव्याच्या पुढे जाऊन येते. परवा भात कापून झालं आणि खळं सारवताना लखमीने विचारलं, अजून येईल वाटतं का तुला? मी म्हटलं, वाटायचं काय त्यात. त्याला बोलावलंय. डहाणूपासून इथपर्यंतचा रस्ता आहे तिथेच आहे, डांबर अजून पडलेलं नाही, आणि लाल माती भरपूर आहे.